पेल एल आणि आडवी बाटली

मी सगळ्यांत जास्त ऋणी आहे तो आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंचा. साखर कारखान्याचं गाव, मराठी शाळा, आमच्या घरात माझ्याआधी दहावी कुणी पाहिलेली नाही. त्या बाईंनी मला नववीपासून पार पदवीपर्यंत नेलं. निवृत्त झाल्यावर याच बाई गावातल्या देशी दारूच्या दुकानाविरुद्ध उभ्या राहिल्या. आणि त्याच वर्षी मी, त्यांचा सगळ्यांत लाडका विद्यार्थी, अमेरिकेत व्हर्जिनियातल्या हर्नडन गावी, भाड्याच्या अपार्टमेंटमध्ये, देवाच्या कपाटात बिअर आंबवत होतो. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि यातली एकही मी मागे घेणार नाही.

माझे वडील कारखान्याच्या डिस्टिलरीत कामाला होते. साखर काढून झाली की जो काळा, चिकट पाक उरतो त्याला मळी म्हणतात. ती मळी पाण्यात कालवून मोठाल्या टाक्यांमध्ये आंबवायची, आणि मग पलीकडच्या शेडमध्ये तिच्यापासून अल्कोहोल गाळायचं. वडील टाक्यांवर होते. फेस किती वर आला, पाक किती उतरला, टाकी तापली का, हे बघायचं. दर दोन तासांनी एक काचेची नळी पाकात तरंगत सोडायची आणि साखर किती शिल्लक आहे ते वाचायचं. याला ते 'ब्रिक्स बघणं' म्हणत. चौथी शिकलेला माणूस, पण नळीवरचा आकडा बघून टाकी उद्या किती वाजता तयार होईल ते सांगायचा आणि ते चुकायचं नाही.

त्या कामाचा एक वास होता. आंबट-गोड, थोडा पावासारखा, थोडा पिकून काळ्या पडलेल्या केळ्यासारखा. तो त्यांच्या सदऱ्यात, केसांत, सायकलच्या सीटमध्येसुद्धा होता. दोनदा आंघोळ केली तरी जायचा नाही. वडील स्वतः थेंबसुद्धा घेत नसत. कुणी विचारलं तर म्हणत, "दिवसभर तेच नाकात असतंय. घरी आणून काय करू?" पण डिस्टिलरीतला माणूस, अंगाला वास. गावाने काय ठरवायचं ते ठरवून टाकलं होतं.

नववीत बाई किण्वन शिकवत होत्या. आंबवण्याला पुस्तकात किण्वन म्हणत. बाईंनी विचारलं, "मळी कोण आणू शकेल?" मी हात वर केला. दुसऱ्या दिवशी मळीचा डबा घेऊन वडील स्वतः आले, पाळी संपवून, तसेच. त्यांना वाटलं असावं की बाई दोन प्रश्न विचारतील आणि आपल्याला सांगता येईल. बाईंनी पदर नाकाला लावला आणि म्हणाल्या, "ठेवा तिथं. या आता."

वडील गेले. शाळा सुटल्यावर बाईंनी मला थांबवलं.

"घरी रोज असंच असतं का रे?"

मी खाली बघितलं. हो म्हणालो नाही. नाही असंही म्हणालो नाही.

"उद्यापासून संध्याकाळी माझ्याकडे अभ्यासाला यायचं," बाई म्हणाल्या. "त्या वातावरणात तुझं काही होणार नाही."

मी गेलो. बारावीपर्यंत रोज गेलो. बाईंच्या घरी टेबल होतं, ट्यूबलाइट होती, पुस्तकं होती. त्यांनीच मला शहरातल्या वसतिगृहाचा फॉर्म आणून दिला, त्यांनीच तो भरून घेतला, त्यांनीच एसटीत बसवलं. आणि इतक्या वर्षांत मी एकदाही त्यांना सांगितलं नाही की माझे वडील पीत नाहीत. आधी धीर झाला नाही म्हणून. नंतर, माझं काम होत होतं म्हणून. हे मी कळून-सवरून लिहितो आहे.

वडील माझ्या लग्नाच्या आधी गेले. मी रसायनशास्त्रात पदवी घेतली, मग सगळे करत होते तसा कॉम्प्युटरचा कोर्स केला, आणि हर्नडनला येऊन एका कंपनीत सॉफ्टवेअर लिहू लागलो.

आमच्या टीममध्ये साठीच्या घरातला एक टेस्टर होता. त्याचे आजोबा इंग्लंडहून आलेले. तो आपल्या गॅरेजमध्ये वर्षानुवर्षं एकच बिअर करायचा: आजोबांच्या गावची इंग्लिश पेल एल. तांब्याच्या भांड्यासारखा रंग, चांगलीच कडू, फेस बेताचा, आणि बर्फासारखी गार करायची नाही. एका शनिवारी दुपारी त्याने मला बघायला बोलावलं. मी गेलो ते निव्वळ ओळख वाढवायला. त्याने आंबायला ठेवलेल्या बादलीचं झाकण जरासं उचललं आणि म्हणाला, "वास घे."

मी वाकलो. तिथे माझे वडील होते. म्हणजे त्यांचा सदरा होता, खुंटीवरचा.

"काय झालं?" त्याने विचारलं.

"काही नाही," मी म्हणालो. "मला शिकवशील?"

तो म्हणाला शिकवीन, पण आधी एक गॅलन, बिघडली तर रडू येणार नाही इतकी. त्याने मला एक काचेची बरणी दिली, तिच्या बुचात बसवायची एक नळी दिली, ज्यातून हवा बाहेर जाते पण आत येत नाही, आणि जॅमच्या बाटलीत तळाशी साचलेला करडा गाळ दिला. ते त्याचं यीस्ट, मागच्या बिअरमधून काढून ठेवलेलं.

"हे संपलं तर?" मी विचारलं.

"संपत नाही. दर वेळी थोडं बाजूला काढून ठेवायचं. माझं बिघडलं तर मी तुझ्याकडे मागायला येईन."

मला हसू आलं. आमच्या बिल्डिंगमध्ये बायका एकमेकींकडून विरजण नेतात ते याच बोलीवर.

आणि तिथेच मी चुकलो. माझ्या डोक्यात ते विरजण बसलं.

पहिली बिअर डिसेंबरात केली. मोड आणून वाळवलेल्या जवाचा, म्हणजे बार्लीचा, भरडा तासभर गरम पाण्यात मुरवला, गोड पाणी गाळून घेतलं, हॉप्सची कडू फुलं टाकून तासभर उकळलं. गाळायला मलमलचं फडकं वापरलं. बायको दारात उभी राहून बघत होती.

"अहो, ते चक्क्याचं फडकं आहे."

"धुऊन देतो."

"धुवा नाहीतर जाळा. त्यात मी परत श्रीखंड करणार नाही हं."

सगळं थंड झाल्यावर यीस्ट घातलं. बाहेर बर्फ पडत होतं. आता बर्फाच्या दिवसांत आपल्याकडचा कुठलाही माणूस अमेरिकेत दही कुठे लावतो? ओव्हनमध्ये, आतला दिवा लावून. इडलीचं पीठही तिथेच. मी ओव्हनच्या जाळ्या काढल्या, बरणी आत ठेवली, वरून बायकोची जुनी शाल गुंडाळली आणि दिवा लावला. तिसऱ्या तासाला नळीतून बुडबुडे सुरू झाले. सकाळी तर फेस नळीतून वर येऊन शालीवर सांडला होता. मला वाटलं, काय सुरेख आंबतंय! टेस्टर म्हणाला होता आठवडाभर लागेल. माझी दोन दिवसांत शांत झाली. मी मनात म्हटलं, बघ, आम्हाला येतं हे.

महिन्याने बाटल्या उघडल्या. मित्र घरी होता. हा मूळचा पुण्याचा, माझ्याच वयाचा, मोठ्या कंपनीत मॅनेजर, आणि इथला आमचा सगळ्यांत जवळचा माणूस. त्याने एक घोट घेतला, ग्लास उजेडात धरला आणि बायकोला हाक मारली.

"वहिनी, पोळ्या आणा. शिकरण झालीये."

खरंच केळ्याचा वास येत होता, आणि त्याच्या मागे नेलपॉलिशचा. ऑफिसात टेस्टरला एक बाटली दिली. त्याने वास घेतला आणि विचारलं, "कुठे ठेवली होतीस?" मी सांगितलं. तो इतका हसला की त्याला खुर्चीत बसावं लागलं. मग डोळे पुसून म्हणाला, "हे दही नाही रे. याला गारवा लागतो. पासष्ट फॅरनहाइटच्या वर गेलं की यीस्ट घाई करतं आणि घाईत घाण करतं."

टाकी तापली का, हे वडील दर दोन तासांनी बघत, ते कशाला, हे मला त्या दिवशी कळलं. रसायनशास्त्राची पदवी माझ्याकडे होती.

घरात गार जागा एकच होती, बाहेरच्या भिंतीला लागून असलेलं हॉलमधलं कपाट. त्यात आमचे देव होते. बायकोशी दोन दिवस बोलणी चालली. तिने शेवटी देव वरच्या फळीवर नेले आणि खालची जागा मला दिली.

"पण आंघोळीशिवाय हात लावायचा नाही," ती म्हणाली. "दोन्हींना."

माझी त्याला हरकत नव्हती. बिअरला तसंही सगळं निर्जंतुक लागतं. सांडशीसुद्धा मी उकळून घेत होतो. आमच्या गावाकडच्या घरात सोवळं कधी पाळलं नाही, कुणी आम्हाला पाळू दिलंही नसतं. हर्नडनला येऊन मी ते बिअरसाठी पाळू लागलो. या वेळी बरणी टबात ठेवली, टबात पाणी, आणि बरणीला ओलं फडकं, उन्हाळ्यात माठाला गुंडाळतात तसं. फडकं वाळलं की पुन्हा भिजवायचं. पाण्यात चमचाभर जिप्समही घातलं, कारण ही बिअर ज्या भागातली तिथलं पाणी जड असतं. शाळेच्या पुस्तकात अशा पाण्याला दुष्फेन पाणी म्हणायचे. साबणाला फेस न येणारं पाणी. आमच्या गावाला तेच होतं आणि बाईंनी ते शिकवताना नळाचंच पाणी परीक्षानळीत घेतलं होतं.

दुसरी बिअर बरी झाली. तिसरी, मार्चअखेरची, खरोखर चांगली झाली. तांब्याचा रंग, आधी बिस्किटासारखी गोडसर, मग जिभेच्या मागे कडू, आणि तो कडूपणा थांबून राहायचा. टेस्टरने पूर्ण ग्लास संपवला आणि रिकामा ग्लास पुढे केला. मी चवीपुरतीच घेतो असं म्हणून मला सुटका करून घ्यायची नाही. मी पितो. शनिवारी, जेवणाआधी, एक ग्लास. मला ती आवडते.

मित्रमंडळींत मात्र माझं नाव हातभट्टीवाला पडलं. "काय, माल तयार आहे का?" "पोलीस आले होते का रे?" महाराष्ट्र मंडळाच्या पाडव्याला एका काकांनी मला बाजूला घेतलं आणि समजावलं, "अरे, चांगली स्कॉच घ्यावी माणसाने. हे घरी गाळणं आपल्या लोकांना शोभत नाही." काकांच्या हातातल्या स्टीलच्या पेल्यात काय होतं ते आम्हा दोघांनाही माहीत होतं.

इथे मला एका पद्धतीबद्दल सांगायला हवं. आमच्याकडे एप्रिल ते सप्टेंबर हा आईवडिलांचा सीझन. भारतातून कुणाचे ना कुणाचे आईबाबा सहा महिन्यांसाठी येतात. ते यायच्या आधीच्या आठवड्यात घरातल्या बाटल्या हलतात. ज्याच्याकडे कुणी येणार नाही त्याच्या घरी त्या ठेवायच्या आणि आईबाबा परत गेले की आणायच्या. माझे वडील नव्हते, आई विमानात बसायला तयार नव्हती. त्यामुळे माझं बेडरूममधलं कपाट हे सगळ्यांचं गोदाम होतं. तीन उन्हाळे मी लोकांच्या व्हिस्कीच्या पेट्या सांभाळल्या. मुलंबाळं असलेली, घरं घेतलेली, पन्नास माणसांवर साहेब असलेली मंडळी माझ्या दारात खोका घेऊन यायची आणि हळू आवाजात म्हणायची, "आई कपाटं उघडून बघते रे."

मी कधी काही म्हटलं नव्हतं. मलाही लपवण्याची सवय जुनीच होती.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात बाईंचं पत्र आलं. त्यांचं अक्षर अजून फळ्यावरच्यासारखं, रेघ न ओढता सरळ. त्यांनी लिहिलं होतं की गावातलं दारूचं दुकान बंद करण्यासाठी बायकांचं मतदान होणार आहे. मतपत्रिकेवर दोन चित्रं असतात. दुकान राहावं वाटत असेल तर उभी बाटली, बंद व्हावं वाटत असेल तर आडवी. निम्म्याहून जास्त बायकांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारायला हवा, आणि दुकानदाराची माणसं घरोघर जाऊन धाक घालत आहेत. मतदानाआधी शाळेच्या पटांगणात सभा आहे. 'त्या सभेत मला तुझं पत्र वाचून दाखवायचं आहे,' बाईंनी लिहिलं होतं. 'दारुड्या बापाच्या घरात वाढूनही तू कसा शिकलास, आणि परदेशात राहूनसुद्धा दारूच्या थेंबाला कसा शिवला नाहीस, ते तुझ्या शब्दांत लिही. आमच्या बायकांना शंभर भाषणांपेक्षा त्याचा उपयोग होईल. तुझ्या आईलाही मी पुढच्या रांगेत बसवणार आहे.'

मी पत्र बायकोला दिलं. तिने वाचलं.

"तुम्ही तर म्हणाला होता मामंजी घेत नव्हते."

"नव्हतेच."

"मग बाईंना कुणी सांगितलं?"

"कुणी नाही."

"तुम्ही?"

"मी काहीच सांगितलं नाही," मी म्हणालो. "घेत नाहीत, हेसुद्धा."

तिने पत्राच्या घड्या सारख्या केल्या. मग म्हणाली, "आईंना फोन लावा."

कॉलिंग कार्डावरचा नंबर खरवडून आईला फोन लावला. आई खुशीत होती.

"बाई आल्या होत्या घरी. पहिल्यांदा आल्या बघ इतक्या वर्षांत. चहा घेतला. म्हणाल्या, तुमच्या पोराचं पत्र वाचणार हाय माईकवर."

"काय वाचणार ते सांगितलं का?"

"नाही. पण तुझं म्हणजे चांगलंच असंल की! मी ती हिरवी साडी नेसणार हाय."

मी फोन ठेवला आणि कबूल करतो, तरीही बाईंना हवं तसं पत्र लिहायला बसलो. एक पान लिहिलं. मला वाटलं, काम चांगलं आहे. दुकान बंद होईल. आईला मागाहून समजावता येईल. बाईंनी माझ्यासाठी एवढं केलं, मी एक पान लिहू शकत नाही?

शनिवारी दुपारी मित्र आला, हातात खोका. रविवारी त्याचे आईबाबा उतरणार होते. त्याने खोका दारातच ठेवला, टेबलावरचा कागद उचलला आणि वाचला.

"यार, सुपर्ब लिहिलंयस. रडतील बायका."

"खोटं आहे ते."

"अरे, मग काय झालं? कोण चेक करायला येतंय इथे? पाठवून टाक. चांगल्या कामासाठी आहे." मग त्याने नेहमीच्या सवयीने खोका पायाने माझ्या बेडरूमकडे सरकवला. आतल्या बाटल्या एकमेकींवर वाजल्या.

तो आवाज ऐकून माझं काय झालं ते मला नीट सांगता येत नाही. मी म्हणालो, "तो परत ने."

"काय?"

"खोका परत ने. आजपासून माझ्याकडे काही लपवून ठेवायचं नाही."

"वेडा झालास का? बाबा उद्या येतायत!"

"मग शेल्फवर ठेव. चाळीस वर्षांचा व्हायला आलास."

"साल्या, स्वतः घरात दारू गाळतोस आणि मला शिकवतोस?"

"गाळत नाही," मी म्हणालो. "आंबवतो. गाळायचं काम पलीकडच्या शेडमध्ये."

त्याला अर्थातच काही कळलं नाही. तो खोका उचलून निघून गेला, जिन्यात एकदा थांबून "हातभट्टीवाला!" असं ओरडला, आणि पुढे तीन-चार महिने आमच्याकडे आला नाही. ऑगस्टमध्ये आला तेव्हा त्यानेच सांगितलं की खोका त्याने गाडीच्या डिकीत ठेवला होता, आणि चौथ्या दिवशी त्याच्या बाबांनी जेवणाआधी घसा खाकरून विचारलं होतं, "काय रे, तुमच्याकडे काही नसतं का?" ते आठवून आम्ही पोट धरून हसलो. पण त्या शनिवारी मला हसू येण्यासारखं काही नव्हतं. माझं सगळ्यांत जवळचं घर मी तोडलं होतं आणि आता बाई उरल्या होत्या.

मी ते पान फाडलं. बायकोने न विचारता नवा कागद आणून दिला आणि कपाटातली एक बाटली उघडून, अर्धी मला, अर्धी स्वतःला ओतली. तिने ती पहिल्यांदाच चाखली. तोंड वाकडं केलं, म्हणाली, "कडूच आहे की," आणि संपवली. मग मी बाईंना हे पत्र लिहिलं, आणि सोमवारी ऑफिसला जाताना पोस्टात टाकलं.

बाई,

आधी तुमच्या पाया पडतो आणि मग तुमच्याशी भांडतो. या क्रमात काही चूक असेल तर ती तुम्हीच शिकवली आहे. वर्गात तुम्ही म्हणायचात की पटलं नाही तर उभं राहून सांगा, बसून कुजबुजू नका.

तुम्ही मागितलेलं पत्र मी लिहिलं होतं. ते फाडून टाकलं. कारण त्यात दोन गोष्टी खोट्या होत्या.

पहिली माझ्याबद्दल. मी बिअर पितो. एवढंच नाही, मी ती स्वतः करतो, घरी, इंग्लंडमध्ये पूर्वीपासून करतात त्या पद्धतीची. इथे कायद्याने घरापुरती करता येते. ज्या पुस्तकातून तुम्ही किण्वन शिकवलंत तेच किण्वन. पहिल्या वेळी मी ती उबेला ठेवून बिघडवली. तुम्ही असतात तर विचारलं असतंत, तापमानाचा परिणाम हा धडा कुणी वाचायचा? मी याची लाज बाळगत नाही आणि सोडणारही नाही.

दुसरी गोष्ट मोठी आहे. माझे वडील दारुडे नव्हते. त्यांनी आयुष्यात दारू प्यायली नाही. ते मळीचा डबा घेऊन वर्गात आले तेव्हा रात्रपाळी करून आले होते आणि त्यांच्या कपड्यांना कामाचा वास होता, जसा तुमच्या हाताला खडूचा असायचा. त्यांना वाटलं होतं की तुम्ही त्यांना काहीतरी विचाराल. टाकीत साखर किती उतरली ते बघून टाकी कधी तयार होईल हे त्यांना सांगता यायचं. त्या दिवशीच्या धड्यातलं आम्हा सगळ्यांपेक्षा, आणि रागावू नका, कदाचित तुमच्याहीपेक्षा, त्यांना जास्त येत होतं.

तुम्ही मला विचारलंत, घरी रोज असंच असतं का. मी गप्प राहिलो. तुमची चूक एका दिवसाची होती, बाई. माझी त्यानंतरच्या सगळ्या वर्षांची आहे. तुम्ही मला दारुड्याचा मुलगा समजून घरी बोलावलंत आणि मी ते टेबल आणि तो उजेड मिळावा म्हणून वडिलांना दारुडा होऊ दिलं. ते मला रोज तुमच्या फाटकापर्यंत सायकलवरून सोडायचे आणि आत यायचे नाहीत. मला वाटायचं, तुम्ही मला का बोलावता ते त्यांना कळत नाही. आता वाटतं, कळत होतं.

तुम्ही मला शिकवलंत याबद्दल मी जन्मभर कृतज्ञ आहे. दारुड्याचा मुलगा नसतो तरी तुम्ही शिकवलं असतंत का, हे मी विचारणार नाही. पण कारखान्यातल्या कामगाराचा, न पिणाऱ्या माणसाचा मुलगा अजून कुणीतरी तुमच्या गल्लीत असेल. त्यालाही बोलवा.

आता सभेबद्दल. दुकान बंद व्हायलाच हवं. तिथे पगाराच्या दिवशी बायका बाहेर उभ्या राहतात ते मी लहानपणी पाहिलं आहे. मी बिअर करतो म्हणून माझं मत बदललेलं नाही, आणि आडव्या बाटलीचा मी आहे म्हणून बिअर ओतून देणार नाही. हे विचित्र वाटत असेल तर वाटू दे. बायकांना खोट्या गोष्टीने जिंकून देऊ नका. दुकानदाराच्या माणसांना ती कळली तर सगळंच हातचं जाईल. आमच्या गावात खरी गोष्ट पुरेशी वाईट आहे.

हे पत्र वाचून दाखवायचं असेल तर पूर्ण वाचा. माझ्या बिअरसकट. अर्धं वाचणार असाल तर वाचू नका, मी रागावणार नाही. पण एक काहीही झालं तरी करा. आई पुढच्या रांगेत असेल, हिरव्या साडीत. माईकवर तिच्या नवऱ्याला दारुडा म्हणू नका. आणि कुणी म्हटलं तर, बाई, तुम्ही उभ्या राहा.

मतदानाच्या दिवशी तिला रिक्षा सांगा. गुडघे दुखतात, केंद्रापर्यंत चालवणार नाही. चित्रं नीट दाखवून द्या, तिला वाचता येत नाही. शिक्का आडव्यावर मारायचा हे तिला सांगावं लागणार नाही.

तुमचा,
डिस्टिलरीतल्या टाकीवाल्याचा मुलगा